मैत्रिणीने मैत्रिणीला सांगावे

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. आई चौथीपर्यंत शिकली. तिला एकदा एच.आय.व्ही.विषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पोरीच्या जातीनं असलं काय विचारू नये." आई रागावली नव्हती, घाबरली होती. पण तिच्या भीतीने माझा प्रश्न काही सुटला नाही. असे प्रश्न घेऊन मुली मग कोठे जातात? मैत्रिणीकडे! म्हणूनच त्या मैत्रिणीजवळ खरी माहिती असणे अगत्याचे आहे. यालाच समवयस्क शिक्षण म्हणतात.

भारतात एच.आय.व्ही.चा पहिला शोध 1986 साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांना लागला. ही लागण प्रथम वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये आढळली. तेव्हापासून 'तो रोग वाईट बायांचा' हा समज जो रूढ झाला, तो अद्याप गेलेला नाही. या समजाचा सर्वांत मोठा तोटा घरंदाज म्हणविणाऱ्या स्त्रीलाच झाला. 'आपल्याला काय त्याचे?' असे म्हणत ती गाफील राहिली.

आपल्या भागाचेच पाहा. माण, खटाव, आटपाडी, खानापूर हे दुष्काळी तालुके. येथील कितीतरी पुरुष सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेले, कोणी मुंबईत माथाडी, तर कोणी ट्रकवर. घर सोडून राहणारा माणूस वाईट असतो, असे मुळीच नाही. परंतु विषाणूला बरे-वाईट कळत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई व बाधित मातेकडून बाळास, एवढ्याच मार्गांनी जातो. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने वा डास चावल्याने तो होत नाही.

आता सांगलीची गोष्ट सांगते. 1992 साली सांगलीत मीना शेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' ही संस्था सुरू झाली. गोकुळनगर वस्तीत बाहेरच्या माणसाने येऊन उपदेश करण्यापेक्षा तेथील स्त्रियांनीच एकमेकींना निरोधचा वापर शिकवावा, ते वाटावेत, आजारी सोबतिणीला दवाखान्यात न्यावे, असे काम उभे राहिले. पुढे 1996 मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्यांची स्वतःची संघटना झाली. ज्यांना समाजाने रोगाचे कारण ठरविले, त्याच रोग रोखणाऱ्या शिक्षिका झाल्या! त्यांना हे साधले, कारण ऐकणारी व सांगणारी एकाच जागी उभ्या होत्या.

हेच तत्त्व आपल्या वयाच्या मुलींना लागू पडते. महाराष्ट्रात 2007 साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळे थांबविण्यात आला. पण शिकविणे थांबले म्हणून कुतूहल थांबत नाही. समवयस्क शिक्षणात गटातील एक-दोन मुलींना आधी नीट प्रशिक्षण देतात. मग त्या नळावर, एस.टी.त, वसतिगृहात आपल्याच भाषेत बोलतात. त्यांनी पाळावयाचे नियम तीन : ऐकलेले गुपित फोडायचे नाही, कोणाला नावे ठेवायची नाहीत आणि ठाऊक नसेल तर "विचारून सांगते" म्हणायचे.

आमच्या श्रमसंस्कार शिबिरात आम्ही गावातील मुलींसाठी एक डबा ठेवला होता. नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. एका चिठ्ठीत लिहिले होते, "लग्नाआधी नवऱ्याची तपासणी करा, हे मी कुणाला सांगू?" आम्ही सगळ्याजणी गप्प झालो. विषाणूची माहिती आम्हाला पाठ होती, पण हे उत्तर कोणत्याच तक्त्यावर नव्हते.

पुष्कळ विचारानंतर आम्ही जे सांगितले ते असे. तपासणी दोघांचीही व्हावी, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही. सरकारी रुग्णालयाच्या समुपदेशन केंद्रात ती मोफत होते व गुप्त ठेवतात. लागण नुकतीच झाली असेल तर ती चाचणीत दिसत नाही, म्हणून सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे. 1097 या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते. 2017 च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई आहे. औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्यास जात नाही. वेळीच उपचार झाल्यास बाळही बहुधा सुरक्षित राहते. आणि शेवटचे : हे एकटीने बोलू नकोस. मामी, मोठी बहीण, आशाताई, कोणीतरी एक आपल्या बाजूची शोध.

त्या मुलीने पुढे काय केले, मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट पटली. मुलीला नुसती माहिती देऊन भागत नाही. तिच्या शब्दाला घरात वजनही हवे. अठराच्या आत बोहल्यावर चढविलेल्या मुलीला ते कोठून येणार? म्हणून मैत्रिणींनो, आपल्यापैकी जी शिकली, तिने पुढचीला सांगावे आणि गरज पडल्यास तिच्या शेजारी उभे राहावे. मी सुरुवात घरातूनच केली आहे. परवा आईने चुलीपुढे बसल्या बसल्या हळूच विचारले, "ते तपासायला पैसं पडत्यात का गं?"