नैराश्यावर एकात्मिक उपचार



गेल्या हंगामात दिवाळीनंतर आम्ही एका गावी कपाशीच्या शिवारफेरीसाठी गेलो होतो. एका शेतात तण माजले होते आणि फुटलेली बोंडे वेचणीविना लोंबत होती. शेतमालक बांधावर बसून होते. मी पाने पाहिली, लाल्यावरचा उपाय सांगितला आणि पुढच्या शेतात गेलो. निघताना गावच्या आशाताई म्हणाल्या, "सर, ते दीड महिन्यापासून असेच येऊन बसतात. झोप नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणे नाही." पिकाची लक्षणे मी ओळखली, पण माणसाची माझ्या ध्यानातही आली नाहीत. म्हणून या अंकात पिकाऐवजी या आजाराविषयी लिहीत आहे.

नैराश्य कसे ओळखावे?

पीक बुडाले, घरात दुःखद घटना घडली तर मन खिन्न होणे साहजिक आहे. परंतु उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज टिकून राहिले. त्यासोबत झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, कामात लक्ष न लागणे, स्वतःला दोष देणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे दिसली, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. हा मनाचा कमकुवतपणा नाही. मधुमेहासारखाच हा आजार आहे व तो उपचारांनी बरा होतो.

एकटे डॉक्टर का पुरे पडत नाहीत?

पुष्कळ रुग्ण डॉक्टरांकडे जातात ते अंगदुखी, डोकेदुखी किंवा अशक्तपणाची तक्रार घेऊन. केंद्रात गर्दी असते. टॉनिक किंवा वेदनाशामक गोळी मिळते आणि मूळ आजार तसाच राहतो. निदान झालेच, तरी गोळ्यांचा गुण येण्यास साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत कोणी विचारपूस केली नाही, तर रुग्ण आठ दिवसांत गोळ्या सोडतो. मनोविकारतज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. प्रत्येकाला तेथे पाठविणे शक्य नाही व त्याची गरजही नसते.

गटाने उपचार कसे होतात?

कीड नियंत्रणात आपण आधी सर्वेक्षण करतो, आर्थिक नुकसानीची पातळी पाहतो, सौम्य उपायापासून सुरुवात करतो आणि फवारणीनंतर पुन्हा निरीक्षण घेतो. नैराश्याच्या उपचारातही हीच शिस्त पाळतात. कामाची वाटणी पुढीलप्रमाणे असते.

१. आशा कार्यकर्ती : लक्षणे दिसणारी व्यक्ती ओळखणे, घरच्यांना समजावणे व केंद्रात आणणे.

२. समुपदेशक : ठरावीक प्रश्नावलीने आजाराची तीव्रता मोजणे, रुग्णाचे ऐकून घेणे, बंद पडलेली कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करून देणे. रुग्ण आला नाही तर चौकशी करणे हेही यांचेच काम.

३. वैद्यकीय अधिकारी : निदान करणे, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय यांसारखी अन्य कारणे तपासणे, गरज असल्यास गोळ्या देणे.

४. मनोविकारतज्ज्ञ : गटाला मार्गदर्शन करणे आणि तीव्र किंवा गुण न येणारे रुग्ण स्वतः तपासणे.

सौम्य आजारात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी करतात आणि गुण नसेल तर उपचाराची पुढची पायरी घेतात. या सर्व साखळीत पाठपुरावा सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रत्यक्ष अनुभव

ही पद्धत आपल्या शेजारी गोव्यात तपासली गेली आहे. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समुपदेशनाचे काम प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तींकडे सोपविले होते. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी अशा गटाकडील सुमारे ६६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे आढळले. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. गोव्यातीलच २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात तीव्र स्वरूपाच्या नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन जोडल्यावर तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला. समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रम राबविण्यात आला. त्यापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले.

आपण काय करावे?

• लक्षणे दोन आठवडे टिकल्यास आशाताईंना सांगावे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. अंगदुखीबरोबर झोप, भूक व मनःस्थितीही डॉक्टरांना सांगावी.

• पुढची तारीख विचारूनच केंद्रातून निघावे. आपल्या केंद्रात समुपदेशक नसल्यास जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची चौकशी करावी.

• गोळ्यांची सवय लागेल या भीतीने त्या सोडू नयेत. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कराव्यात.

• कीटकनाशके घरात उघड्यावर ठेवू नयेत. ती कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. घरात कोणी निराश असेल तर हे आजच करावे.

• मरणाचे विचार बोलून दाखविणाऱ्यास एकटे सोडू नये. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. तातडीच्या वेळी थेट रुग्णालयात न्यावे.

सुरुवातीला सांगितलेल्या शेतकरी बंधूंना आशाताईंनीच केंद्रात नेले. त्यांचे उपचार चालू आहेत. परवा फोनवर त्यांनी हरभऱ्यावरील घाटे अळीबद्दल विचारले. मी सल्ला दिला आणि या वेळी झोप कशी लागते, हेही विचारले. आपणही शेजारच्या शेतकऱ्याला पिकाबरोबर त्याच्या प्रकृतीबद्दल विचारावे.