सुतारकाम शिकलेला पोर बर्फाच्या घाटाचा राजा

पिंपळवंडीच्या पारावर कुणालाही विचारा, बैलगाड्याची शर्यत आपल्याकडे कशी होते. जुन्नर-आंबेगावच्या घाटात शेजारी शेजारी गाडे पळवायची रीत नाही. एक गाडा सुटतो, भिर्रर्र करीत वर पोहोचतो, घड्याळ सेकंद सांगते, मग दुसऱ्याची बारी. वैरी शेजारी नसतोच, वैरी ते घड्याळ.

हे ज्याला ठाऊक आहे त्याला युरोपातल्या आल्प्स पर्वतातली एक शर्यत समजायला वेळ लागायचा नाही. आपला गाडा घाट चढतो, तिकडचा गडी डोंगर उतरतो. पायांना दोन लांब पट्ट्या बांधलेल्या आणि खाली काचेसारखा कडक केलेला बर्फ. या खेळाला स्कीइंग म्हणतात. त्यात वळणांच्या शर्यती वेगळ्या आणि निव्वळ वेगाच्या वेगळ्या. वेगाच्या दोन : डाउनहिल आणि सुपर-जी. दोन्हींत एकदाच उतरायचे. चुकलात तर दुसरी बारी नाही. वेग ताशी 130 किलोमीटरच्या पुढे जातो. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या उतारावर 2013 साली एका फ्रेंच गड्याचा वेग 161 च्याही वर मोजला गेला. आपली एस.टी. उतारावर ऐंशीला पोहोचली तरी म्हातारी माणसे देवाचे नाव घेतात!

त्याच स्वित्झर्लंडात सिमेंटाल नावाचे खोरे आहे. गुरांची आवड असलेल्यांनी हे नाव ऐकले असेल. जगभर गेलेली सिमेंटल गाय मूळची इथलीच. या खोऱ्यातल्या बोल्टिगेन गावचा फ्रान्यो फॉन आल्मेन हा पोरगा. जन्म 2001 चा. बर्फावर वेगाने उतरायचा नाद, आणि पोटासाठी सुतारकाम शिकलेला.

फ्रान्यो 17 वर्षांचा असताना वडील गेले. घरचा कर्ता गेला की काय होते ते शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगायला नको. त्यातून हा खेळ महागडा. पट्ट्या, प्रवास, मुक्काम, सराव, एका हंगामाचाच खर्च घराला झेपेना. शर्यत सोडून द्यावी अशी वेळ आली. शेवटी त्याने लोकवर्गणी मागितली आणि लोकांनी ती दिली. जत्रेची पावती फाडणाऱ्या आपल्या गावकऱ्यांना वर्गणीचे नवल नाही. पण श्रीमंत म्हणून नावाजलेल्या देशातही एका हुशार पोराला हात पसरावे लागले, हे मला तरी लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

आपल्याकडचा गडी म्हणाल तर काश्मीरचा आरिफ खान. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकात सगळ्या भारतातून तो एकटाच होता. पण त्याच्या शर्यती वळणांच्या. त्यांतल्या एकीत तो 45 वा आला.

वेगाच्या शर्यतीत जिवाची जोखीम मोठी. 2025 च्या सप्टेंबरात चिली देशात सराव करताना इटलीचा मातेओ फ्रान्झोसो पडला आणि दगावला. तो पंचविशीतलाच होता. पडल्याबरोबर हवेने फुगणारे जाकीट आता कपड्यांखाली घालतात, तरी भीती संपलेली नाही. आईबापांनी पोराला असल्या खेळात घालावे का, यावर तिकडेही दोन मते असणारच.

फ्रान्यो मात्र टिकला. जानेवारी 2024 मध्ये गार्मिशच्या सुपर-जीत तिसरा आला. जानेवारी 2025 मध्ये घरच्याच वेंगेनला सुपर-जी जिंकली. जागतिक चषकातला तो त्याचा पहिला विजय. मग 9 फेब्रुवारी 2025 ला ऑस्ट्रियात झालबाखला जागतिक अजिंक्यपदाची डाउनहिल. यजमानांचा भरवशाचा गडी विन्सेंट क्रीखमायर दुसरा आला. दोघांत अंतर किती? एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले चोवीस. घाटात सेकंदासाठी भांडणाऱ्यांनी याचा विचार करून पाहावा.

तेव्हा फ्रान्यो 23 वर्षांचा होता. तीन दिवसांनी लोइक मेयार या जोडीदाराबरोबर त्याने आणखी एक सुवर्णपदक घेतले. त्यात वेगाची उतरण फ्रान्योची आणि वळणांची मेयारची.