उशिरा बोलणे (बालविकास)

बालकाने वयानुरूप अपेक्षित टप्प्यावर शब्द उच्चारण्यास अथवा शब्द जोडून बोलण्यास सुरुवात न करणे, यास उशिरा बोलणे किंवा भाषाविलंब असे म्हणतात. हा स्वतंत्र आजार नसून एक लक्षण आहे. त्यामागे चिंतेचे काहीच नसू शकते, त्याचप्रमाणे श्रवणदोष, स्वमग्नता किंवा एकूण विकासातील विलंबही असू शकतो. वाचा आणि भाषा या दोन गोष्टी व्यवहारात एकच मानल्या जातात. शास्त्रात मात्र त्या वेगळ्या आहेत. ध्वनींचा उच्चार म्हणजे वाचा, तर अर्थ समजणे व व्यक्त करणे म्हणजे भाषा. ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाची भाषा पूर्णपणे निकोप असू शकते. उलट स्पष्ट उच्चारात जाहिराती म्हणून दाखविणाऱ्या, परंतु पाणी मागू न शकणाऱ्या मुलाची भाषा निकोप नसते.

पहिल्या शब्दापूर्वी

बोलण्याची तयारी जन्मापूर्वीच सुरू होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भाला आवाज ऐकू येतात. नवजात अर्भक परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज अधिक पसंत करते, हे अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये प्रयोगाने दाखविले. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांचा १९८४ मधील प्रयोग मराठी वाचकाला विशेष रोचक वाटावा. इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतील फरक ओळखता येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांत ही क्षमता बरीचशी ओसरलेली आढळली. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बालकांत ती टिकून होती. म्हणजेच पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच बालकाचा कान आपल्या भाषेसाठी घडत असतो. ज्या बालकाला ऐकूच येत नाही, त्याचे हे वर्ष वाया जाते.

साधारण दुसऱ्या महिन्यापासून बालक स्वरांसारखे हुंकार देते. सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘मामामा’ अशी अक्षरांची साखळी ऐकू येते. या आवाजांना अद्याप अर्थ जोडलेला नसतो, त्यामुळे पहिली हाक आईला मारली की बाबांना, हा घरोघरीचा वाद त्यावरून मिटत नाही. वर्षाच्या आसपास बालक बोट दाखवू लागते. हवी असलेली वस्तू दाखविणे आणि केवळ ‘ते बघ’ या भावनेने झाडावरचा काऊ दाखविणे, यांपैकी दुसरी कृती भाषेच्या दृष्टीने अधिक मोलाची असते. दुसऱ्याचे लक्ष आपल्या लक्षाशी जोडण्याची ही क्षमता संभाषणाचा पाया आहे.

शब्द आणि वाक्ये

बहुतेक बालके पहिला अर्थपूर्ण शब्द १० ते १५ महिन्यांच्या दरम्यान बोलतात. तो शुद्ध असण्याची आवश्यकता नसते. ‘मम्मम’, ‘भू’, ‘हम्मा’, ‘भुर्र’ हे सर्व शब्दच होत, मात्र बालकाने ते ठरावीक गोष्टीसाठी पुन्हापुन्हा वापरलेले असावेत. प्रारंभी ‘भू’ हा शब्द कुत्रा, बकरी आणि म्हैस या सर्वांना लागू होतो. दीड वर्षानंतर अनेक बालकांत शब्दसंख्या झपाट्याने वाढते आणि १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दोन शब्द एकत्र येतात: ‘बाबा गेला’, ‘अजून दूदू’. ‘टाटा-बायबाय’सारखी पाठ झालेली जोडी यात धरली जात नाही.

तिसऱ्या वर्षात व्याकरण दिसू लागते आणि त्यासोबत चुकाही. ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणारे मूल हे रूप कोणाकडून ऐकून शिकलेले नसते. त्याने नियम शोधून तो अपवादालाही लावलेला असतो. दिवसभर आईच्या सहवासात असलेले मुलगे ‘मी येते’ म्हणताना आढळतात, तेही याच वयात. अशा चुका प्रगतीच्या निदर्शक आहेत. उच्चारांना मात्र अधिक काळ लागतो. ‘र’ आणि ‘श’ यांसारखे ध्वनी उशिरा स्थिरावतात. चार वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे परक्या माणसालाही कळावे, अशी अपेक्षा असते.

या सर्व वयांत मोठी तफावत असते. इंग्रजीभाषक बालकांच्या पाहणीत दोन वर्षांच्या वयात काहींकडे सुमारे ५०, तर काहींकडे ५०० हून अधिक शब्द आढळले आहेत. मुदतपूर्व जन्मलेल्या बालकाचे वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात.

तपासणी केव्हा करावी

सरासरी वय आणि सावधगिरीचे वय यांत गल्लत होऊ देऊ नये. बारा महिन्यांपर्यंत अक्षरांची बडबड नसणे किंवा बोट दाखविणे, हात हलवून निरोप देणे यांसारखे हावभाव नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडलेले नसणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करणे योग्य समजले जाते. नावाने हाक मारूनही बालक वळून पाहत नसेल, तर शब्दसंख्येची वाट पाहू नये. येत असलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे होणे ही कोणत्याही वयात तातडीची बाब आहे.

अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपली विकासटप्प्यांची यादी सुधारली. किमान ७५ टक्के बालके जे टप्पे गाठतात, तेच त्या-त्या वयासमोर ठेवण्याचे धोरण स्वीकारल्याने ५० शब्दांचा टप्पा ३० महिन्यांसमोर आला. यामुळे मदतीस उशीर होईल, अशी टीका अनेक वाचातज्ज्ञांनी केली. वाचातज्ज्ञांच्या व्यवहारात दोन वर्षांच्या वयात ५० पेक्षा कमी शब्द असणे किंवा शब्द न जोडणे, ही कसोटी अद्याप प्रचलित आहे.

या कसोटीत न बसणारी, परंतु अन्यथा निकोप असलेली अनेक बालके पुढे स्वतःहून बरोबरी साधतात. अडचण अशी की, कोणते बालक साधेल हे दोन वर्षांच्या वयात खात्रीने सांगता येत नाही. हावभाव न करता दिलेली ‘चेंडू आण’ यासारखी सूचना समजणारे, बोट दाखविणारे आणि खोटा-खोटा स्वयंपाक खेळणारे मूल तुलनेने आशादायक स्थितीत असते. ज्याला बोलणे समजतही नाही, त्याच्या बाबतीत धोका अधिक असतो. तपासणीत काही न निघाल्यास हानी होत नाही. श्रवणदोषासारखे कारण असल्यास मात्र गेलेले महिने भरून काढणे कठीण जाते.

कारणे

सर्वप्रथम श्रवणाचा विचार करावा लागतो. जन्मतः बहिरे असलेले अर्भकही आरंभी हुंकार देते, रडते, हसते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. अक्षरांच्या बडबडीला विलंब होतो, तेव्हा पहिली खूण मिळते. थाळी वाजवून किंवा टाळी देऊन घरी घेतलेली परीक्षा फसवी असते. बालकाला हाताची हालचाल दिसते, कंपन जाणवते. शिवाय मोठा आवाज ऐकू येऊनही ‘स’, ‘श’ यांसारखे उच्च वारंवारतेचे ध्वनी निसटू शकतात. मधल्या कानात वारंवार पाणी साचल्यामुळेही ऐकणे कमी-अधिक होते. म्हणून नवजात अवस्थेतील चाचणी सामान्य आली असली, तरी उशिरा बोलणाऱ्या बालकाचे श्रवण पुन्हा तपासतात. झोपलेल्या बालकावर करता येणाऱ्या ओएई व बेरा या चाचण्यांत त्याच्या प्रतिसादाची गरज नसते.

श्रवणदोषाबाबत पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना, हे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या बालकांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस आढळते, असे क्रिस्टीन योशिनागा-इतानो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले.

स्वमग्नतेत शब्दांच्या अभावासोबत नजरानजर, बोट दाखविणे आणि आनंद वाटून घेणे कमी असते. बौद्धिक विकासातील विलंबात चालणे, खेळणे, स्वतः जेवणे हेही मागे राहते. कोणतेही अन्य कारण न सापडता टिकून राहणाऱ्या भाषेच्या अडचणीस २०१७ पासून विकासात्मक भाषा विकार ही संज्ञा रूढ झाली. ती सुमारे ७ टक्के मुलांत आढळते.

प्रचलित समजुती

‘याचे वडीलही उशिराच बोलले’ हे वाक्य दिलासा म्हणून उच्चारले जाते. वस्तुतः कुटुंबात भाषाविलंबाचा इतिहास असणे हा एक जोखीम घटक आहे. मुली सरासरीने थोड्या लवकर बोलतात हे खरे. परंतु हा फरक एवढा लहान आहे की, मुलगा म्हणून तीन वर्षे थांबण्यास तो आधार होत नाही. जिभेखालचा पडदा आखूड असल्यास काही उच्चारांत अडथळा येऊ शकतो. शब्दच न येण्याचे ते कारण नव्हे. त्यामुळे पडदा कापल्याने मूल बोलू लागेल ही अपेक्षा फोल ठरते. महाराष्ट्रात वेखंड मधात उगाळून जिभेला लावण्याची प्रथा आहे. एक वर्षाखालील बालकास मध देणे बोटुलिझम या विषबाधेच्या भीतीमुळे निषिद्ध मानले जाते.

दोन भाषांमुळे मूल गोंधळते व उशिरा बोलते, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. परदेशस्थ आणि महानगरांतील मराठी कुटुंबे या भीतीपोटी घरातील मराठी सोडतात. द्विभाषिकतेमुळे भाषाविलंब होत नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना मात्र सर्व भाषांतील शब्दांची बेरीज करावी लागते. आई-आजी ज्या भाषेत सहज, भरभरून बोलतात ती सोडून तुटक इंग्रजीत बोलू लागल्यास मुलाच्या वाट्याला येणारी भाषाच कमी होते.

मदत आणि उपचार

बालरोगतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ यांनी मिळून मूल्यमापन करणे अपेक्षित असते. तिरुवनंतपुरम येथील बालविकास केंद्रात तयार झालेली शून्य ते तीन वर्षांसाठीची भाषा मूल्यमापन श्रेणी भारतात चाळणीसाठी वापरली जाते. लहान वयातील उपचारांत पालकांचे प्रशिक्षण मध्यवर्ती असते. मूल ज्या वस्तूकडे पाहत असेल तिच्याविषयी बोलणे, त्याच्या उत्तरासाठी थांबणे, त्याचा शब्द वाढवून परत देणे (‘भू’ म्हटल्यावर ‘हो, भू-भू पळाला’) या साध्या कृती त्यात शिकविल्या जातात. ‘बोल ना, बोल’ असा आग्रह किंवा शब्द बोलेपर्यंत खाऊ न देणे यांमुळे मूल अधिकच गप्प होऊ शकते. पडद्यावरील बडबडगीते संभाषणाची जागा घेत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या बालकासाठी बसून पडदा पाहणे शिफारशीत नाही, तर दोन वर्षांनंतर ते दिवसाला एक तासाच्या आत असावे. बहिऱ्या बालकांसाठी श्रवणयंत्र, कर्णावर्त प्रत्यारोपण आणि भारतीय सांकेतिक भाषा हे पर्याय आहेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्याअंतर्गत फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा बालकांची तपासणी करतात. श्रवणदोष व भाषाविलंब यांचा त्यात समावेश आहे. पुढील निदान व उपचारांसाठी बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था या क्षेत्रात प्रशिक्षण व सेवा देते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये श्रवणदोष, वाचा व भाषा दिव्यांगत्व आणि स्वमग्नता यांची स्वतंत्र नोंद आहे.