लहान चित्रपटांना किती तारे?

टिटवाळ्याचें नांव निघालें कीं महागणपतीचें देऊळ व अंगारकीची गर्दी डोळ्यांसमोर उभी राहते. चित्रपट पाहावयास निघालेलें तेथील कुटुंब बहुधा कल्याणची गाडी धरतें. मध्यें आंबिवली व शहाड हीं दोनच स्टेशनें; अंतर म्हणावें तर थोडें. परंतु नामांकित नट नसलेला, जाहिरातींचा गाजावाजा नसलेला एखादा लहान मराठी चित्रपट पाहावयाचा ठरला, म्हणजे हेंच अंतर वाढतें. त्याचा खेळ पुष्कळदां दिवसांतून एकच, आणि तोहि कचेऱ्या व शाळा चालू असतांना! पुढच्या शुक्रवारीं नवे चित्रपट येतात; पहिल्या तीन दिवसांत ज्याचीं तिकिटें खपलीं नाहींत त्याला पडदा सोडावा लागतो. ‘अवश्य पाहा’ हा निरोप शेजारच्या घरीं पोंचतो तेव्हां खेळ बंद झालेला असतो.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ सालचें सुवर्णकमळ मिळालें. घोषणा एप्रिल २०१७ मधील. चित्रपट लोकांपुढें आला तो ऑक्टोबरांत. बहुपडदा चित्रगृहांनीं मराठी चित्रपटांस दुपारीं बारा ते रात्रीं नऊ या वेळांत जागा द्यावी, असें सरकारनें २०१५ सालीं ठरविलें होतें खरें. पण वेळ राखून ठेवली म्हणून खुर्च्या भरत नाहींत.

जावें कीं न जावें हें मग आपण वर्तमानपत्रांतील ताऱ्यांवरून ठरवितों. येथेंच लहान चित्रपटावर अन्याय होतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. व्हेनिसच्या महोत्सवांत २०१४ सालीं त्यानें दोन पारितोषिकें मिळविलीं. आपल्याकडे तो १७ एप्रिल २०१५ रोजीं प्रदर्शित झाला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा कीं, त्याच्या गाण्यामुळें एका सफाई कामगारानें आत्महत्या केली. खटल्यांत तारखांवर तारखा पडतात, कॅमेरा एका जागीं उभा राहतो, आणि मध्येंच न्यायालय सोडून सरकारी वकीलबाईंच्या मागोमाग त्यांच्या घरीं जातो. बाई निमूटपणें स्वयंपाकाला लागतात. वकिलांचीं आवेशपूर्ण भाषणें ऐकावयास आलेला गृहस्थ येथें जांभई देणारच. तो दोन तारे देईल, आणि त्याच्या दृष्टीनें ते खोटेहि नाहींत.

पुढें न्यायालयाचे दिवे मालवतात. चित्रपट संपला असें वाटतें. पण न्यायाधीशांची सुटीची सहल बाकी असते. बाकावर डुलकी घेतांना मुलांनीं ओरडून जागें केल्याबरोबर ते एकाच्या थोबाडींत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. शाहिराचें भवितव्य ज्या हातीं होतें, तो हात आपण येथें पाहतों. हें कित्येकांच्या ध्यानांत येतें तें दुसऱ्या दिवशीं, भाजी चिरतांना किंवा गाडींत उभें असतांना.

म्हणून घरांत मत विचारावयाचें तर तें परतीच्या गाडींत विचारूं नये. एक रात्र जाऊं द्यावी. आजींना व कॉलेजांत जाणाऱ्या नातवाला निरनिराळें विचारावें. दोघांचे तारे मिळवून सरासरी काढण्यांत अर्थ नाहीं. कोणाला काय खटकलें तेंच शेजाऱ्यांस सांगावें, आणि रविवारचा खेळ असेल तर त्याच संध्याकाळीं, निदान वेळ व चित्रगृह तरी, कळवावें.