महिला फुटबॉल : बाजारपेठ वाढते आहे, मालकी कोणाची?

महिला फुटबॉलच्या व्यावसायिक भवितव्याची चर्चा 'प्रेक्षक येतील का?' या शंकेपासून सुरू होते. परंतु इंग्लंडपुरते पाहिले तर या शंकेचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. 1920 च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर, प्रेस्टनच्या कारखान्यातील कामगार स्त्रियांमधून उभ्या राहिलेल्या 'डिक, कर लेडीज' या संघाचा सामना पाहण्यास सुमारे 53,000 लोक जमले होते. पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशन या तेथील नियामक संस्थेने हा खेळ स्त्रियांसाठी अयोग्य ठरवला आणि सदस्य क्लबांनी आपली मैदाने महिला संघांना देऊ नयेत असा आदेश काढला. सुमारे 50 वर्षे टिकलेल्या या बंदीने स्त्रियांचा खेळ बंद पडला नाही, मात्र तिकीट लावून सामने भरवता येतील अशी मोठी मैदानेच हिरावली गेल्याने त्याचे अर्थकारण मोडले. आज पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये दिसणारी उत्पन्नाची दरी या निर्णयाकडे डोळेझाक करून मोजणे अन्यायाचे आहे.

अलीकडची वाढ मात्र वेगवान आहे. 2011 मध्ये सुरू झालेली विमेन्स सुपर लीग ही इंग्लंडमधील पहिल्या श्रेणीची स्पर्धा 2018 पासून पूर्णवेळ व्यावसायिक झाली. सामने दूरचित्रवाणीवर दाखवण्याच्या परवानगीला प्रक्षेपण हक्क म्हणतात, आणि आधुनिक खेळाचे अर्थकारण मुख्यतः त्यांवरच उभे असते. या लीगचे 2025-26 पासूनच्या पाच हंगामांचे हक्क सुमारे 6.5 कोटी पाऊंडांना विकले गेले. महिला विश्वचषकाचे हक्क तर पुरुषांच्या स्पर्धेसोबत जोड म्हणून देण्याची प्रथा होती. 2023 मध्ये 'फिफा'ने ते प्रथमच स्वतंत्रपणे विकले, तेव्हा कुठे त्यांना स्वतःची किंमत मिळाली.

तथापि खरा पेच मालकीचा आहे. इंग्लंडमधील बहुतेक महिला संघ पुरुषांच्या क्लबांचे विभाग असल्याने त्यांना मैदान, वैद्यकीय सेवा आणि नाममुद्रा मिळते, पण मूळ क्लब अडचणीत आला की पहिली कात्री त्यांनाच लागते. आर्थिक संकटात सापडलेल्या रेडिंग क्लबने 2024 मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला, आणि तो थेट पाचव्या श्रेणीत गेला. वर्षभरातच ब्लॅकबर्न रोव्हर्सनेही आपला संघ दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला. उलट टोकाला चेल्सी क्लबने 2024 मध्ये आपला महिला संघ स्वतःच्याच मूळ कंपनीला सुमारे 20 कोटी पाऊंडांना विकला आणि त्या व्यवहारामुळे क्लबच्या ताळेबंदात तोट्याऐवजी नफा दिसला. या संघातील छोटा हिस्सा नंतर अमेरिकी उद्योजक ॲलेक्सिस ओहानियन यांनी घेतला, म्हणजे ही किंमत केवळ कागदी नव्हती. तरीही ताळेबंद सावरण्यासाठी संघ विकता येतो आणि खर्च कमी करण्यासाठी तो मागेही घेता येतो, ही व्यवस्था खेळाडूंना स्थैर्य देऊ शकत नाही.

म्हणूनच 2024 मध्ये क्लबांच्या मालकीच्या स्वतंत्र कंपनीकडे वरच्या दोन श्रेणींचा कारभार सोपवला गेला, ही घटना विक्रमी प्रेक्षकसंख्येपेक्षा अधिक महत्त्वाची मानावी लागते. तिच्यापुढचे काम अवघड आहे: आर्सेनलसारखे काही संघ मोठी मैदाने भरत असले तरी 2024-25 मध्ये लीगची सरासरी प्रेक्षकसंख्या आदल्या हंगामापेक्षा घटली. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून दुसऱ्या श्रेणीच्या संघांना किती वाटा द्यायचा आणि मूळ क्लबाला संघ मागे घेण्याआधी किती मुदतीची सूचना बंधनकारक करायची, हे नियम याच कंपनीने ठरवायला हवेत.