जयपूरहून मुंबई: दोन विमानतळांचा प्रश्न

२४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपानी विमान कंपनीचे एक मोठे जेट विमान मुंबईस उतरले. उतरावयाचे होते सांताक्रूझला. ते उतरले जुहूला. दोन्ही ठिकाणी धावपट्ट्या, दोन्ही जवळजवळ एकाच दिशेने आखलेल्या, आणि त्यांच्यामध्ये अंतर अवघे दोन-तीन किलोमीटरचे. जुहूची धावपट्टी लहान विमानांसाठी बांधलेली. ते प्रचंड विमान तिच्या टोकापलीकडे घसरत गेले व पुन्हा उडण्याच्या योग्यतेचे राहिले नाही. प्राणहानी मात्र झाली नाही, हे प्रवाशांचे सुदैव. हीच चूक १९५३ साली एका ब्रिटिश कॉमेट विमानाच्या हातून घडली होती. ते विमान काही दिवसांनी हलके करून जुहूवरून पुन्हा उडविण्यात आले.

एका शहराला दोन विमानतळ असले म्हणजे कसला घोटाळा उद्भवू शकतो, याचा अनुभव मुंबईने असा फार पूर्वी घेतला आहे. त्या काळी चूक होई ती वैमानिकाची. आता ती प्रवाशाच्या हातून होण्याचा संभव निर्माण झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि प्रारंभी ज्या शहरांशी तो जोडला गेला त्यांत जयपूरचाही समावेश होता.

जयपूरच्या प्रवाशाला घरच्या बाजूने निवड करण्याचा प्रश्नच नाही. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसविलेल्या या शहराचा विमानतळ एकच. छापील कापडासाठी आणि हातकागदासाठी नावाजलेल्या सांगानेरला, शहराच्या दक्षिणेस. हिवाळ्यात दिल्लीवर धुके दाटले की दिल्लीची विमाने येथे वळविली जातात आणि न मागता जयपूर काही तास राजधानीचा दुसरा विमानतळ होऊन बसते, ही गोष्ट वेगळी. येथून मुंबई हवाई मार्गाने सुमारे नऊशे किलोमीटर. रात्रभर रेल्वेने सवाई माधोपूर, कोटा, रतलाम, बडोदा करीत जाणाऱ्या माणसाला विमान ते अंतर दोन तासांच्या आत-बाहेर कापून देते. परंतु वाचविलेला वेळ मुंबईच्या रस्त्यावर पुन्हा खर्च होतो की शिल्लक राहतो, हे विमान कोठे उतरते यावर ठरते.

मुंबईला दुसरा विमानतळ का लागला, हे समजण्यासाठी जुन्या विमानतळाकडे पाहावे लागते. शहराचा पहिला नागरी विमानतळ जुहूचा, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेथेच उतरले. पण जुहू म्हणजे समुद्रकाठची सखल, चिखलाची जागा. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांची विमाने तेवढ्यापुरती पुण्यास हलवावी लागत. पावसाळ्यापुरता पुणे हा मुंबईचा विमानतळ होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे युद्धकाळात सांताक्रूझचा विमानतळ वापरात आला व स्वातंत्र्यानंतर नागरी वाहतूक तिकडे गेली. १९८१ मध्ये सहारची आंतरराष्ट्रीय इमारत उभी राहिली. येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. सांताक्रूझ आणि सहार हे दोन विमानतळ नव्हेत. एकाच विमानतळाच्या त्या दोन बाजू आहेत आणि धावपट्ट्या दोहोंच्या सामाईक आहेत.

खरी अडचण आहे ती या धावपट्ट्यांतच. त्या दोन आहेत खऱ्या, पण एकमेकींना छेदून जातात. एका धावपट्टीवर विमान उतरत असताना दुसरीवरून विमान सोडता येत नाही. म्हणजे दोन असूनही व्यवहारात एकच. त्या एका पट्टीवरून दिवसाकाठी हजाराहून अधिक विमानांची ये-जा करून दाखविण्याचा पराक्रम मुंबईने केला आहे, आणि वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी तेथून जातात. पण सभोवती झोपड्या, इमारती, रस्ते आणि मिठी नदी. विस्तारासाठी जमीन कोठून आणावयाची? आकाशात घिरट्या घालीत थांबलेल्या विमानातून खाली मुंबईचे दिवे पाहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना या प्रश्नाचे वेगळे स्पष्टीकरण नको.

नव्या विमानतळाच्या जागेचा शोध १९९७च्या सुमारास सुरू झाला. रेवस-मांडव्याचाही विचार झाला. अखेर पनवेलजवळची जागा कायम झाली. क्षेत्र ११६० हेक्टर. तेथे सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती, ती कापली. उलवे नदी होती, तिचा प्रवाह वळविला. दहा गावे होती, तीही उठवावी लागली. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, वाघिवली ही त्यांतील काही नावे. या परिसरातल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना भूसंपादन नवे नव्हते. नवी मुंबई वसविताना त्यांच्या जमिनी गेल्या होत्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, आणि त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले. विमानतळाला आधी दुसरे नाव सुचविले गेले, तेव्हा २०२१ मध्ये लोक पाटलांच्या नावासाठी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आले, ते का, हे या पार्श्वभूमीवरच कळते. प्रवाशाच्या सोयीची किंमत कोणीतरी आधीच मोजून ठेवलेली असते, आणि तिकिटावरच्या शुल्कात ती दिसत नाही.

आता निवडीकडे वळावे. जयपूरच्या जौहरी बाजारातला रत्नांचा व्यापारी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात येत असेल, तर त्याच्यासाठी जुना विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. त्याने नव्याचा विचार करण्याचे कारण नाही. अंधेरी, बोरिवली, वसई, विरार येथे जाणाऱ्यांचेही तेच. याउलट ज्याचे घर पनवेल, वाशी, पेण अथवा अलिबागेस आहे, किंवा ज्याला द्रुतगती मार्गाने घाटावर पुण्याकडे जावयाचे आहे, त्याला नवा विमानतळ म्हणजे शहर न ओलांडता मिळालेली मोकळी वाट होय. कोकणात सुटीसाठी निघालेल्या कुटुंबालाही सहारहून मुंबई पार करीत पनवेल गाठण्याचा त्रास राहत नाही.

कठीण प्रश्न मधल्यांचा. ठाणे-डोंबिवलीकरांनी अंतरापेक्षा वेळ पाहावी. सकाळी जे सोपे तेच संध्याकाळी दुर्घट होते. दक्षिण मुंबईची गोष्ट तर मौजेची आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, तेव्हा फोर्ट-गिरगावच्या माणसाला नवा विमानतळ एकदम जवळ आला. परंतु ज्या दिवशी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी कफ परेडपर्यंतच्या भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पाही सुरू करण्यात आला, आणि त्या मेट्रोची स्थानके जुन्या विमानतळाच्या दोन्ही इमारतींपाशी आहेत. म्हणजे सेतूचा पथकर आणि टॅक्सीचे भाडे भरून खाडीपार जावे, की थोडक्या पैशांत भुयारातून सहारला पोहोचावे? हातात एकच पिशवी असेल तर भुयार बरे. सामानाचे चार डाग आणि वृद्ध आईवडील बरोबर असतील तर सेतू बरा.

या साऱ्यापेक्षा अधिक धोक्याची बाब पुढेच आहे. जयपूरहून मुंबईस येऊन तेथून आखाताकडे किंवा युरोपकडे दुसरे विमान धरणारे प्रवासी पुष्कळ. दोन तिकिटे वेगवेगळी घेतली आणि एक विमान नवी मुंबईत उतरून दुसरे सहारहून सुटणारे निघाले, तर मधले पस्तीस-चाळीस किलोमीटर प्रवाशाने स्वतःच्या जबाबदारीवर काटावयाचे असतात. सामान आपोआप पुढे जात नाही. ते पट्ट्यावरून उचलून, रस्त्याने नेऊन, पुन्हा स्वाधीन करावे लागते. पावसाळ्यात त्या रस्त्याला किती तास लागतील, हे कोणी सांगू नये. दोन्ही विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रोची योजना आहे, परंतु योजनेत बसून विमान गाठता येत नाही. म्हणून तिकीट काढताना शहराचे नाव वाचून थांबू नये. बीओएम ही अक्षरे जुन्या विमानतळाची, एनएमआय नव्याची. स्वस्त दिसणारे तिकीट कोठचे आहे, ते आधी पाहावे. गोव्याच्या प्रवाशांना ही सवय जानेवारी २०२३ पासून, मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून, लावून घ्यावी लागली आहे. मडगावचा माणूस पेडण्याच्या टोकाला उतरला, की दाबोळी किती जवळ होती हे त्याला टॅक्सीच्या भाड्यावरून कळते.

परदेशांत हे प्रयोग आधी झालेले आहेत. कॅनडात मॉन्ट्रियलजवळ १९७५ मध्ये मिराबेल येथे अवाढव्य विमानतळ बांधण्यात आला. सरकारने परदेशी विमाने तिकडे पाठविली, देशांतर्गत विमाने जुन्या डोर्व्हालवर ठेवली. एकातून उतरून दुसऱ्यात बसणाऱ्या प्रवाशांनी या फरफटीला कंटाळून टोरांटोचा मार्ग धरला, आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक बंद पडली. जपानमध्ये शेतकऱ्यांचा प्रखर विरोध मोडून १९७८ मध्ये नारिता उघडला. टोकियोपासून तो साठेक किलोमीटर दूर. २०१० मध्ये शहराजवळच्या हानेदाला नवी आंतरराष्ट्रीय इमारत मिळाली व परदेशी विमाने पुन्हा तिकडे नियमित येऊ लागली. मुंबईच्या बाबतीत भेद हा, की तिचा जुना विमानतळ भरून गेलेला आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी आणि अखेरीस नऊ कोटी प्रवासी सामावून घेण्याची नव्याची आखणी आहे. तेव्हा तो ओस पडण्याची भीती फारशी दिसत नाही. मात्र दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाच्या ताब्यात असल्यामुळे त्यांच्यात चढाओढ लागून प्रवाशाचा लाभ होईल, ही आशा बाळगण्यात अर्थ नाही. कोणते विमान कोठून सुटावे, हे प्रवाशापेक्षा कंपन्या आणि चालकच अधिक ठरवितील.

आणि जुहू? तो विमानतळ बंद झालेला नाही. समुद्रातील तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरे आजही तेथूनच उडतात.