दांत सरकतो तेव्हां

आमच्या तेरा वर्षांच्या नातीच्या दांतांस गेल्या ज्येष्ठांत तार बसविली. दंतवैद्यांकडून ती हंसत परतली, दुपारीं पोळी-भाजी यथास्थित जेवली. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र तिला पोळीचा मऊ तुकडाही चावेना. ‘काल बसवितांना दुखलें नाहीं, तें आज कसें दुखूं लागलें?’ असें वडील मंडळी म्हणाली, आणि शाळा बुडविण्याचें हें निमित्त असावें असा अभिप्राय आम्हींही दिला. जन्मभर मुलांचीं निमित्तें ऐकून आमचा कान कठोर झालेला! पुढें ह्या विषयाचें थोडें वाचन केल्यावर आमची चूक आमच्या ध्यानांत आली.

भिंतींत खुंटी ठोकावी तसा दांत हाडांत ठोकलेला असतो अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. दांताचें मूळ व जबड्याचें हाड ह्यांच्यामध्यें सुमारें ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो, व त्यांत रक्तवाहिन्या आणि ज्ञानतंतु असतात. तारेनें दांत रेटला म्हणजे पुढच्या बाजूस हा पडदा चेंगरतो व मागच्या बाजूस ताणला जातो. चेंगरलेल्या बाजूस हाड खाणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूस हाड रचणाऱ्या. एकीकडे भिंत खणीत व दुसरीकडे बांधीत दांत महिन्यास फार तर एखादा मिलिमीटर पुढें जातो. संस्कृतांत दांतास द्विज म्हणतात. हा त्याचा तिसरा जन्मच म्हणावयाचा!

सांडस्टेट ह्या स्वीडिश दंतवैद्यानें १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांच्या दांतांवर प्रयोग करून हा प्रकार सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. जोर फाजील झाला कीं चेंगरलेल्या जागेचा रक्तपुरवठा बंद पडून तेथील पेशी मरतात, आणि दांत पुढें जाण्याऐवजीं अडून बसतो. तेव्हां ‘एकदांच घट्ट आवळा व मोकळे व्हा’ हा आमच्या सौभाग्यवतींचा सल्ला दंतवैद्यांनीं मानला नाहीं, हें बरेंच झालें.

आतां दुखण्याविषयीं. तें केवळ ओढीचें नसतें. चेंगरलेल्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन वगैरे द्रव्यें स्रवतात, ज्ञानतंतूंच्या टोकांशीं ‘सबस्टन्स पी’ सुटतें, जागा सुजते, आणि मग पोळीचा स्पर्शही घावासारखा लागतो. ह्या सर्वांस कांहीं तास लागतात. म्हणूनच दुखणें उशिरां सुरू होतें, सुमारें चोवीस तासांनीं कळसास पोंचतें आणि बहुधा आठवड्याच्या आंत ओसरतें. नात खरें बोलत होती.

गंमत अशी कीं, दुखविणारें प्रोस्टाग्लँडिनच हाड खाणाऱ्या पेशींसही कामास लावतें. ॲस्पिरिन त्याची निर्मिति रोखतें हें जॉन व्हेन ह्यांनीं १९७१ सालीं दाखविलें. १९८२ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. आयबुप्रोफेनही त्याच जातीचें. अशा गोळ्या सतत दिल्यास दांताची गति मंदावते असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलें आहे. ह्यास्तव पुष्कळ दंतवैद्य पॅरासिटामॉल पसंत करतात. मात्रा त्यांनाच विचारावी, आणि मुलांस ॲस्पिरिन तर आपल्या मनानें देऊंच नये. आठवडा उलटूनही दुखणें हटलें नाहीं, किंवा तारेचें टोंक गालास बोंचूं लागलें, तर पुन्हां त्यांच्याकडे जावें.

आम्हीं नातीची क्षमा मागितली. चार दिवस मेतकूट-भातावर काढून पांचव्या दिवशीं तिनें भाजलेले दाणे मागितले. ते मात्र तार निखळेल म्हणून अद्याप वर्ज्य आहेत.